मेलेली रांगोळी : एक शब्द अर्धा मागे घेताना



आज मला एक शब्द मागे घ्यायचा आहे. पूर्ण नाही, अर्धा. काही वर्षांपूर्वी असंच एका व्याख्यानात मी ऑइल पेंटने काढलेल्या रांगोळीबद्दल बोलले होते. अकोल्यात, अमरावतीत जुन्या वस्त्यांमधून फिरताना दिसते बघा, दारासमोर, पायरीवर, उंबरठ्यावर ब्रशने काढलेली कायमची रांगोळी. तिला मी 'मेलेली रांगोळी' म्हटलं. रोज पुसली जाते, रोज नव्याने येते ती जिवंत, आणि रंगाच्या डब्यातून एकदाच काढून ठेवली ती मेलेली, असं ते सोपं विधान होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोप्या विधानांना वाजतातच.

व्याख्यान संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई जवळ आल्या. म्हणाल्या, "बाई, तुमी सोता रोज काढता का रांगोळी?" मी म्हटलं, नाही, मी फ्लॅटमध्ये राहते. "मंग? मले गुडघे वाकवता येत नाही. दिवाळीले एक डाव बसते, पेंटानं काढते, वर्षभर राह्यते. ते मेली कायले?"

मला उत्तर आलं नाही. राजेहो, समीक्षा करणाऱ्या माणसाला उत्तर येत नाही तेव्हा बहुतेक वेळा त्याचं मोजमापच चुकलेलं असतं. मी रांगोळीला रांगोळीच्या मापाने मोजत होते. पण समोरची वस्तू रांगोळी नव्हतीच. ती रंगवलेली जमीन होती, आणि रंगवलेल्या जमिनीचे कायदे वेगळे असतात. ते काय आहेत, हेच आज मला तुमच्यासमोर मांडून बघायचं आहे.

विषय पक्का करून घेऊ. घरातल्या जमिनीवर, त्यातही लाकडावर, रंगाने कायमची काढलेली नक्षी. तुम्ही लगेच म्हणाल, वऱ्हाडात लाकडाची जमीन आहेच कुठे? बरोबर आहे. एकीकडे मेळघाटासारखं सागाचं रान, पायथ्याला परतवाड्याचा लाकडाचा बाजार, आणि तरी आपल्या घरात पायाखाली लाकूड नाही. खाली काळी माती, तिच्यात उधई. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर, पावसाळ्यात हवा ओली. फळी आडवी आकसते आणि आडवीच फुगते. लांबीत तिला फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. सागाचं त्यातल्या त्यात बरं असतं, पण तोही शेवटी लाकूडच आहे.

माडीच्या घरात मात्र लाकूड होतं. कड्या टाकायच्या, कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर, आणि त्यावर चुना किंवा शेणाचं सारवण. म्हणजे माडीवर चालणाऱ्याच्या पायाखाली माती आणि खालच्या खोलीत झोपलेल्याच्या डोळ्यांसमोर लाकूड. मोठ्या वाड्यांमधून त्याच खालच्या बाजूला तक्तपोशीची नक्षी बसवलेली असते, चौकोन, फुलं, पट्ट्या. मला याची नेहमी गंमत वाटते. जगात दुसरीकडे लोकांनी लाकडी जमिनीची वरची बाजू सजवली, आपण खालची सजवली. पायाखालचा भाग मातीला दिला, कारण माती सारवता येते आणि सारवली की ती पुन्हा नवी होते.

सारवणही नक्षीच आहे, हे आपण विसरतो. पोतेरं फिरवत बाई मागे मागे सरकत जाते, तिच्या हाताची कमान जमिनीवर उमटत राहते, एकीत एक अडकलेले अर्धे गोल. वाळल्यावर तिरपं ऊन पडलं की ते दिसतात. त्यावर पांढरी रेघ. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या प्रकारांमध्ये धूलिचित्र मोजलेलं आहे. जुन्या मराठीत रंगमाळिका हा शब्द आहे. पण सारवणाच्या कमानीला कुठल्या ग्रंथात नाव दिल्याचं माझ्या वाचनात नाही. ते काम होतं ना, कला नव्हती.

तर, जमिनीच्या पातळीवर वऱ्हाडातल्या घरात लाकूड एकाच ठिकाणी भेटतं. उंबरठ्यात. दाराची चौकट म्हणतो आपण. चौकट का? चार लाकडांची म्हणून. दोन उभी, एक वर, एक खाली. खालचं ते उंबरठा. आजच्या फ्लॅटमधल्या बहुतेक दारांना तीनच लाकडं असतात, खाली ग्रॅनाइटची पट्टी असते किंवा तीही नसते, आणि तरी सुतारही चौकट म्हणतो आणि आपणही. शब्दात चौथं लाकूड शिल्लक आहे.

आता एका उंबरठ्याकडे येते. अकोल्याच्या जुने शहर भागात आमचं घर होतं, ते पाडलं. मिस्त्रीने विचारलं, लाकूड विकायचं का? मी बाकी सगळं विकलं, उंबरठा ठेवला. साग. साडेचार फूट लांब, सहा इंच रुंद. वर माझ्या आईच्या हातची नक्षी. दर दिवाळीला, किती वर्षं कोण जाणे, तिने तो रंगवला. आधी गेरूसारखा तांबडा हात, तो वाळला की दुसऱ्या दिवशी पांढऱ्या रेघा, मग पिवळे ठिपके. ठिपके काडेपेटीच्या काडीने, काडीला कापूस गुंडाळून.

एका टोकाला पोपडा निघाला आहे, तिथे थर मोजता येतात. तांबडा, तांबडा, मध्येच हिरवा, पुन्हा तांबडा. हिरवा का? त्या वर्षी घराच्या खिडक्या हिरव्या केल्या होत्या, डब्यात रंग उरला होता. एवढंच कारण. कलेच्या इतिहासात याला कालखंड म्हणतील.

नक्षी म्हणजे एक वेल, मध्ये कमळ. डाव्या बाजूची पानं लहान, उजव्या बाजूची मोठी. मी आधी समजले की हात चुकला. पण खालच्या थरातही जिथे उठाव दिसतो तिथे तसंच आहे, डावीकडे लहान, उजवीकडे मोठी. ती आतल्या बाजूला बसायची, डावीकडून सुरू करायची, आणि अर्ध्यावर आल्यावर तिच्या लक्षात यायचं की जागा जास्त आहे आणि पानं कमी पडणार. मग ती पानं वाढवायची. दरवर्षी. म्हणजे दरवर्षी ती नव्याने काढत होती, जुन्या रेघेवरून ब्रश फिरवत नव्हती. वरचा तांबडा हात जुनं सगळं झाकून टाकत होता, जसं सारवण झाकतं. आणि शेवटच्या काही वर्षांत रेघ जाड होत गेली आहे. जाड रेघेत थरथर लपते.

आता सांगा, ही मेलेली रांगोळी कशी? तिचा दिवस एक वर्षाचा होता, एवढाच फरक.

झीज कुठे झाली आहे तेही बघण्यासारखं आहे. वरच्या सपाट भागावर जवळजवळ नाही. कारण उंबरठ्यावर कोणी पाय देत नाही. उंबरठ्यावर बसू नये, उंबरठ्यावर शिंकू नये, नरसिंहाने हिरण्यकशिपूला तिथेच फाडलं, हे सगळं लहानपणी ऐकलेलं असतं. माणूस ओलांडून जातो. तर ऑइल पेंटला टिकवणारी गोष्ट डब्यातली नाही, ती त्या घरातल्या पायांची शिस्त आहे. आणि उलटंही आहे. ठळक रंगामुळे पाहुण्यालाही कळतं की इथे पाऊल उचलायचं. नक्षी पायाला सांगते आणि पाय नक्षीला जपतो. जमिनीवरच्या कुठल्याही चित्राला मी आता पहिला प्रश्न हाच विचारते, हे पायाशी काय बोलतंय?

एकच जागा पूर्ण उघडी पडली आहे, उजवीकडे, दोन बोटांची, थेट सागापर्यंत. तिथून वडिलांची सायकल रोज आत यायची. आई दर दिवाळीला ती जागा भरायची आणि होळीपर्यंत ती पुन्हा उघडी.

आता थोडं कारागिरीचं बोलते, कारण त्याच्याशिवाय पुढचं पटणार नाही. लाकडाला रंग दोन तऱ्हांनी देता येतो. एक, वर बसणारा. दुसरा, आत मुरणारा. ऑइल पेंट वर बसतो. आज डब्यात काय काय असतं तो भाग वेगळा, पण मुळात तो तेलात खललेला रंग, आणि ते तेल म्हणजे जवसाचं. आपल्याकडे चटणी करतात ते जवस. त्याचं तेल उघड्यावर ठेवलं की हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं, त्याची कातडी बनते. गोडेतेलाची तशी बनत नाही, चिकट होऊन बसतं. तर पेंट ही कातडी आहे. लाकडावर ती घट्ट धरते, पण लाकूड हललं की तिला ताण पडतो. दोन फळ्यांच्या सांध्यावरून रेघ नेली की एका उन्हाळ्यात ती सांध्यावर तडकणार. उंबरठा एकाच लाकडाचा, सांधा नाही, म्हणून तिथे पेंट चालून जातो. शिवाय साग मुळात तेलकट. नव्या सागावर पेंट लवकर सुटतो, टर्पेंटाइनने पुसून, पॉलिश पेपर मारून मग लावावा लागतो. आईला हे कोणी सांगितलं नसेल, पण ती आधी खरखरीत चिंधीने घासायची.

मुरणाऱ्या रंगाचं उलट. त्याला कातडी नाही. तो लाकडाच्या शिरांमध्ये उतरतो, त्यामुळे लाकूड आकसलं-फुगलं तरी तो तडकत नाही. झिजतो, पण लाकडाबरोबर झिजतो. आपल्याकडे याचं ज्ञान लाकडापेक्षा कापडात आणि शाईत जास्त आहे. हिरड्याच्या किंवा बाभळीच्या सालीच्या पाण्यात हिराकस टाकला की काळं होतं, जुनी काळी शाई या गुणावरच होत असे. ज्या लाकडात असा तुरट अंश असतो, ओकमध्ये भरपूर असतो, त्यावर लोखंडाचं पाणी लावलं की लाकूड आतून काळं पडतं. रंग लावलेला नसतो, लाकूडच काळं झालेलं असतं. अडचण एकच. मुरणारा रंग शिरेच्या बाजूने पसरतो, रेघ पाळत नाही. म्हणून नक्षीच्या कडेने आधी सुरीने बारीक चीर द्यावी लागते. तंतू तुटले की रंग तिथे थांबतो. पेंटाची रेघ ब्रशने काढतात, मुरणाऱ्या रंगाची रेघ सुरीने.

हे मी एवढं तपशिलात का सांगते आहे? माझ्या भाचीमुळे. ती न्यू जर्सीत, एडिसनला असते. तिकडे घरोघरी ओकच्या पट्ट्यांची जमीन, सव्वादोन-सव्वादोन इंचांच्या पट्ट्या, वर पॉलियुरेथेनचं पारदर्शक कवच. दिवाळीला रांगोळी काढायची तर दगडाची भुकटी त्या कवचावर ओरखडे पाडते आणि फळ्यांच्या फटीत जाऊन बसते. बरेच लोक प्लायवूडच्या तुकड्यावर किंवा काळ्या कागदावर काढतात. ही म्हणाली, मावशी, घर आता स्वतःचं आहे, मी जमिनीतच काढते, कायमची. तिने खोलीच्या मधोमध तीन फुटांचा गोल तासला, आठ पाकळ्यांचं कमळ आखलं, कडा सुरीने चिरल्या, दोन छटांचा रंग मुरवला, वर पुन्हा कवच. दोन शनिवार-रविवार गेले. फोटो पाठवला. सुंदर. खरंच सुंदर. हिवाळ्यात हीटर लागला की पट्ट्या आकसतात, फटी पडतात, पण पाकळ्या फाटल्या नाहीत. कारागीर म्हणून ती आईच्या पुढे गेली.

मग मी गेले तिच्याकडे. आणि मला ते कमळ आवडेना. दोन दिवस मला कळेना का. तिसऱ्या दिवशी कळलं. त्याचा फोटो वरून काढलेला होता. फोटोत ते गोल होतं. दारातून आत येणाऱ्याला ते चपटं दिसतं, बसलेल्याला आणखी चपटं, आणि अर्धं सोफ्याखाली गेलेलं. रांगोळी काढणारी तिच्याभोवती फिरते, तिला ती सगळीकडून दिसते. खोलीच्या मधल्या कमळाला असं फिरणारं कोणी नाही. वरून बघणारा एकच, कॅमेरा. आणि पायांचं म्हणाल तर पाय त्यावरून सरळ जातात, ओलांडत नाहीत, थांबत नाहीत. ते पायाशी काहीच बोलत नव्हतं. गालिचाच्या मधलं फूल होतं ते, गालिचाशिवाय.

यात तिचा दोष कमी आहे. तिकडच्या परंपरेत लाकडी जमीन रंगवणं म्हणजे दुसरं काहीतरी असल्याचा भास करणंच होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या घरांमधून फळ्यांवर काळे-पांढरे चौकोन रंगवत, संगमरवर वाटावा म्हणून. कुणी गालिचे रंगवत. थॉमस जेफरसनने मॉन्टिचेलो या आपल्या घरातल्या दर्शनी दालनाची जमीन गवताच्या हिरव्या रंगाने रंगवून घेतली, चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्टच्या सूचनेवरून. मला ही सूचना फार आवडते. नक्षी नाही, फूल नाही, फक्त बाहेरचं गवत आत आलं. बाहेरून येणाऱ्या बुटाला ती जमीन म्हणते, अजून थोडं बाहेरच आहेस. पायाशी बोलणारी जमीन ही अशी.

निघायच्या दिवशी मी भाचीच्या दारात चप्पल घालत होते आणि खाली पाहिलं. दाराच्या खाली ओकची एक जाड पट्टी. उंबरठा. कोरा. तिने तो पाहिलाच नव्हता, कारण आमच्या अमरावतीच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला उंबरठा म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मध्ये एक टप्पा राहिला, तो घेते, कारण काही लोक म्हणतील जमिनीवरच्या कायमच्या नक्षीचा आपला खरा नमुना सिमेंटच्या फरश्यांचा आहे. आहेच. कापसाच्या पैशाने बांधलेल्या व्यापाऱ्यांच्या घरांमध्ये, अकोल्यात, अमरावतीत अंबागेटच्या आतल्या बाजूला, खामगावला, त्या अजून दिसतात. मुंबईत १९२२ साली भारत टाइल्सची सुरुवात झाली, स्वदेशीच्या हवेत. अशा फरशीची नक्षी रंगवलेली नसते, ओतलेली असते. धातूच्या साच्याच्या खणांमध्ये रंगीत सिमेंटचं पाणी ओतायचं, साचा उचलायचा, मागे कोरडं सिमेंट-रेती घालायची, दाबायची, मग पाण्यात मुरवायची. भट्टी नाही. रंगाचा थर काही मिलिमीटरचा, त्यामुळे दोन पिढ्या चालल्या तरी फूल तिथेच. मुरणाऱ्या रंगाचीच ही दुसरी तऱ्हा. आणि बहुतेक ठिकाणी खोलीच्या कडेने किनार, मधे शांत जमीन. लुगड्याला असते तशी. किनार भिंतीलगत, पाय मधून. भाचीच्या कमळाने जे केलं नाही ते या अनाम साचेवाल्यांनी केलं. त्यांच्याबद्दल एवढं पुरे, त्यांच्यावर लिहिणारे बरेच आहेत, आईच्या उंबरठ्यावर लिहिणारं कोणी नाही.

आता अर्धा शब्द मी का ठेवते आहे, ते.

कायमची नक्षी चालते म्हटलं तरी सगळी चालत नाही. जमिनीवरच्या आपल्या आकृत्यांचे दोन प्रकार आहेत. काहींना तिथी असते, काहींना नसते. वेल, ठिपके, किनार, कमळ यांना तिथी नाही. कधीही काढा, कधीही राहू द्या. पण चैत्रांगण हे चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचं. गोपद्मं चातुर्मासाची. आणि आपल्या वऱ्हाडात सगळ्यात मोठं, महालक्ष्म्यांची पावलं. भाद्रपदात ज्येष्ठा-कनिष्ठा येतात, दारापासून आत त्या जिथे बसणार तिथपर्यंत एकेक पाऊल काढत न्यायचं, हळदीकुंकू वाहायचं, कुणी विचारायचं, कशाच्या पावलांनी आली? उत्तर द्यायचं, सोन्याच्या पावलांनी. दुसऱ्या दिवशी आंबिल, सोळा भाज्या, तिसऱ्या दिवशी त्या जातात. पावलं म्हणजे घटना आहे. कोणीतरी आत्ता आलं.

तीच पावलं मी आता पायरीवर ऑइल पेंटने काढलेली पाहते, नाही तर स्टिकरची चिकटवलेली. आतल्या दिशेने वळलेली, बारा महिने. भाद्रपदात, आषाढात, घराला कुलूप असतानाही. ती देवी कायम येतेच आहे, पोचत कधीच नाही. इथे मी माझा जुना शब्द जसाच्या तसा ठेवते. वेल वर्षभर राहिली तर तिचं काही जात नाही, पावलं वर्षभर राहिली तर येणंच संपतं. त्या म्हाताऱ्या बाईंच्या उंबरठ्यावर, मी मुद्दाम नंतर जाऊन पाहिलं, पावलं नव्हती. वेल होती. महालक्ष्म्यांना त्या सुनेकडून भुकटीची पावलं काढून घेतात. कुठली आकृती पेंटात जाते आणि कुठली जात नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलेलं होतं.

स्टिकरबद्दल फार बोलत नाही. उंबरठ्याची पट्टी म्हणून बाजारात मिळते, मागचा कागद काढला की चिकटते. गरिबीवर किंवा सोयीवर हसायचं मला कारण नाही. माझी तक्रार एवढीच की ती फाटली की काढतात आणि नवी लावतात, तिच्याकडे कोणी परत जात नाही. आईच्या डावीकडच्या पानांसारखी चूक तिच्यात होऊ शकत नाही.

आणि आता शेवटचा प्रकार, ज्याला आपण गंभीरपणे घेत नाही. अमरावतीत नवीन फ्लॅटमध्ये जा. 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून दाखवतात. हात लावून बघा. ते लॅमिनेट असतं, खाली दाबलेला भुसा, वर लाकडाचा छापील कागद, त्यावर पारदर्शक कडक थर. किंवा सरळ टाइल, तिच्यावर लाकडाच्या शिरा छापलेल्या. म्हणजे तिकडे लाकडावर दगड रंगवत होते, आपण भाजलेल्या मातीवर लाकूड छापतो. हीसुद्धा रंगवलेली जमीनच आहे की. नक्षी आहे, गाठी आहेत, रेषा आहेत. नीट पाहिलं तर काही फळ्यांनंतर तीच गाठ परत येते. मला या नक्कलेचा राग येत नाही, मॉन्टिचेलोचं गवतही नक्कलच होतं. पण एक गोष्ट खटकते. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या पायाखाली कुठल्या तरी परदेशी ओकच्या झाडाचं चित्र. साग छापायला काय हरकत होती? विक्रेत्याला विचारलं. तो म्हणाला, साग लोकांना जुना वाटतो.

मागून एक हात वर आहे. विचारा.

प्रश्न आहे की मी हे सगळं बाईंच्या कष्टांचं कौतुक करून त्यांना पुन्हा जमिनीवर बसवते आहे का. चांगला प्रश्न आहे. नाही. म्हणूनच तर शब्द मागे घेतला. पहाटे पाचला उठून सडा-सारवण-रांगोळी करणारीच जिवंत कला करते, असं म्हणणारी मी होते, आणि तेव्हा मी स्वतः साडेसातला उठत होते. ऑइल पेंटचा डबा ही त्या कष्टांतून कोणीतरी काढलेली वाट आहे. गुडघे दुखणाऱ्या बाईने वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस वाचवले आणि एक दिवस राखून ठेवला. त्या एका दिवसाची समीक्षा करायची तर तो तिचा एकमेव दिवस आहे म्हणून सूट द्यायची नाही, आणि तो रोजचा नाही म्हणून दंडही करायचा नाही. आईची उजवीकडची पानं मोठी झाली आहेत हे मी म्हणणारच. दरवर्षी झाली. डावीकडून सुरू करण्याऐवजी मधल्या कमळापासून सुरू केलं असतं तर झाली नसती. तिला हे मी एकदा सांगितलंही होतं. ती म्हणाली, "मधातून सुरू केलं तं कमळ पहिले संपते. मंग शेवटी कायची मजा?"

दुसरा प्रश्न, उंबरठा आता कुठे आहे. घरी. फ्लॅटचं दार सव्वातीन फुटांचं, उंबरठा साडेचार. बसत नाही. बाल्कनीत भिंतीला उभा टेकवून ठेवला आहे. उभा केल्यावर वेल खालून वर चढल्यासारखी दिसते, मोठी पानं वर गेली आहेत. एका सुताराने सांगितलं, दोन्ही बाजूंनी कापून देतो, दारात बसवतो, पण मग एका बाजूची सायकलची जागा जाईल. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. या दिवाळीला तांबडा हात द्यायचा की आहे तसा ठेवायचा, तेही ठरलेलं नाही. डबा आणून ठेवला आहे.